डास मोजला, तुडतुडा राहिला

केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या पुढाकाराने झालेले देशाच्या हवामानविषयक असुरक्षिततेचे मूल्यांकन एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. अनुकूलनाची कामे आधी कोठे हाती घ्यावीत, हे ठरविण्यासाठी सर्व राज्यांना एक समान मोजपट्टी मिळाली. तीत छत्तीसगड अतिअसुरक्षित आठ राज्यांमध्ये आहे. कोरडवाहू क्षेत्र, अल्पभूधारकांचे प्रमाण, पीकविमा, उत्पादनातील चढउतार हे तिचे काही निकष. त्यांत कीटकजन्य आजार आहेत. पिकांवरील किडींना मात्र स्वतंत्र स्थान नाही.

किडींचे नुकसान उत्पादनातील चढउतारात येतेच, असे म्हणता येईल. पण ते पुरेसे नाही. उतारा पावसाच्या खंडाने घटला की तपकिरी तुडतुड्यांनी, हे त्यातून कळत नाही आणि उपाय तर कारणावर ठरतो. खंडासाठी शेततळे व संरक्षित ओलीत हवे. तुडतुड्यांसाठी प्रतिकारक्षम वाण, पट्टा पद्धतीची रोवणी आणि नत्राचा बेताचा वापर.

उष्मा ठरावीक मर्यादेत वाढला की कीटकाची पिढी लवकर पूर्ण होते, भूकही वाढते. जागतिक तापमानाच्या प्रत्येक अंशवाढीमागे भात, मका व गहू यांचे किडींमुळे होणारे नुकसान १० ते २५ टक्क्यांनी वाढेल, असा अंदाज 'सायन्स' नियतकालिकातील २०१८ च्या अभ्यासाने वर्तविला आहे. भातावर जगणाऱ्या राज्याने तो दुर्लक्षू नये.

जिल्ह्याची सरासरीही फसवी ठरते. दुर्ग जिल्ह्यात भिलाईलगतचा हथखोजचा औद्योगिक पट्टा आहे, तशा धानाच्या बांध्याही आहेत. दोन्ही एकाच आकड्यात बसविल्यास धान उत्पादकाची जोखीम झाकली जाते.

ही उणीव भरून काढता येण्याजोगी आहे. महाराष्ट्रात २००९-१० पासून चालू असलेल्या 'क्रॉपसॅप' प्रकल्पात भातावरील किडींचेही सर्वेक्षण होते. तुडतुडे राज्यांच्या सीमा जाणत नाहीत. म्हणून गोंदिया-भंडाऱ्यापासून दुर्गपर्यंतच्या धानपट्ट्यात नोंदींची पद्धत एकच असावी. प्रत्येक गावात तीन गोष्टी लिहाव्यात: प्रकाश सापळ्यात तुडतुडे प्रथम वाढल्याचा आठवडा, चुडामागे साधारण १० ही आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याची तारीख आणि करपलेले क्षेत्र. अशा नोंदी सलग दहा वर्षे राहिल्या, तर पुढील राष्ट्रीय मूल्यांकनात पीककिडींचा निकष आधारासह मागता येईल. त्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांनी हंगाम संपल्यावर नोंदवही बाजूला न टाकता तिची प्रत कृषी विज्ञान केंद्राकडे जमा करावी.