खळग्यात काय भरणार, हे दात काढण्याआधी सांगा

दाढ निघालेली आहे, तोंड बधिर आहे, दातांखाली कापसाचा बोळा धरलेला आहे. नेमक्या अशा वेळी रुग्णाला विचारलं जातं, ‘हाड झिजू नये म्हणून आत बोन ग्राफ्ट भरायचं का?’ बोलता येत नसल्याने रुग्ण मान हलवतो. या मान हलवण्याला संमती म्हणता येणार नाही. दवाखान्यांतली ही पद्धत बदलायला हवी.

प्रश्न खोटा नसतो. दाताच्या मुळाला लागून हाडाचा जो पातळ थर असतो, तो दात आहे तोवरच टिकतो. दात गेला की त्याचं काम संपतं आणि शरीर तो शोषून घेतं. पुढच्या दातांच्या ओठाकडच्या बाजूला हाडाची भिंत बहुधा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असते, म्हणून तिथला खड्डा लवकर नजरेत भरतो. डेन्मार्कमध्ये श्रॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाढा व उपदाढा काढलेल्या ४६ रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या जागी जबड्याची रुंदी सरासरी बारा मिलिमीटरवरून सहाच्या आत आली होती, आणि त्यातली दोन तृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच झाली होती. पुढे इम्प्लांट बसवायचं असेल, तर हेच हाड लागतं.

ग्राफ्ट म्हणजे बांधकामाला लावलेली परांची. खळग्यात भरलेले दाणे जागा धरून ठेवतात आणि त्यांच्या आधाराने शरीर आपलं हाड रचत जातं. हे दाणे कशाचे, यावर मात्र बरंच काही अवलंबून असतं, आणि रुग्णाला सहसा तेवढंच सांगितलं जात नाही.

रुग्णाचं स्वतःचं हाड वापरता येतं. ते हनुवटीतून किंवा अक्कलदाढेमागून काढतात. पण एका दाताच्या खळग्यासाठी तोंडात दुसरी जखम करणं क्वचितच परवडतं. रुग्णाचंच रक्त फिरवून केलेला फायब्रिनचा गोळाही काही डॉक्टर भरतात. दुसरा पर्याय दुसऱ्या माणसाने दान केलेल्या हाडाचा. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून टिश्यू बँक आहे. दात्याच्या चाचण्या करून घेतलेलं हाड तिथे प्रक्रियेनंतर गॅमा किरणांनी निर्जंतुक केलं जातं. यातल्या काही हाडांमधले क्षार काढून टाकलेले असतात. त्यामागे १९६५ सालचं एक संशोधन आहे. असं क्षार काढलेलं हाड स्नायूत ठेवलं तरी तिथे नवं हाड तयार होतं, हे अमेरिकेतले अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी तेव्हा दाखवून दिलं. परळमध्ये चाललेल्या या कामाची महाराष्ट्रात फारशी चर्चा होत नाही, हे खटकतं.

तिसरा प्रकार जनावराच्या हाडाचा. जगभर सर्वाधिक अभ्यास झालेल्या ग्राफ्टपैकी एक, स्वित्झर्लंडचं ‘बायो-ऑस’, गोवंशाच्या हाडापासून बनतं. प्रथिनं काढून टाकल्यावर त्यात फक्त खनिज उरतं. ते फार सावकाश विरघळतं. जबड्याचा आकार टिकवायला हे उपयोगी पडतं, पण त्याचे कण वर्षानुवर्षं तिथेच राहतात. चौथा प्रकार कृत्रिम ग्राफ्टचा: हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, बायोॲक्टिव्ह काच. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने भारतातच असे पदार्थ विकसित केले आहेत.

वरचं झाकणही लक्षात घ्यायला हवं. दाण्यांवर अनेकदा कोलॅजनचा पडदा ठेवतात, आणि तो डुकराच्या किंवा गुरांच्या कातडीपासून वा ऊतींपासून बनवलेला असू शकतो. म्हणजे आतला ग्राफ्ट कृत्रिम असला, तरी वरचा पडदा कृत्रिम असेलच असं नाही.

माळकरी वारकरी, जैन किंवा मुसलमान रुग्णाला ही माहिती किती महत्त्वाची वाटेल, हे महाराष्ट्रात वेगळं सांगायला नको. सतराव्या शतकातल्या डच शल्यविशारद योब फान मेकरेन यांनी एक हकिगत नोंदवली आहे. एका सैनिकाच्या कवटीला कुत्र्याचं हाड बसवलं, म्हणून चर्चने त्याला बहिष्कृत केलं, असं त्यात सांगितलं जातं. हे हाड काढून टाकायला तो आला, तोवर ते पक्कं जुळून गेलं होतं. आजही एकदा भरलेला ग्राफ्ट सहजासहजी बाहेर येत नाही. जनावराच्या हाडाचा ग्राफ्ट वाईट, असा याचा अर्थ नाही. कुणी तो आनंदाने घेईल, कुणी नाकारेल. निवड रुग्णाची असली पाहिजे.

ग्राफ्टचे फायदेही आहेत तेवढेच सांगावेत. कोक्रेन संस्थेच्या २०२१च्या आढाव्यानुसार ग्राफ्टमुळे रुंदी आणि उंची सरासरी मिलिमीटरभर किंवा थोडी जास्त वाचते, पण या पुराव्याची खात्री ‘अत्यंत कमी’ दर्जाची आहे. समोरचा दात काढला आहे, काही महिन्यांनी इम्प्लांट ठरलं आहे, तर मिलिमीटरभर हाडालाही मोल आहे. अक्कलदाढ काढली असेल किंवा तिथे इम्प्लांट बसवायचंच नसेल, तर बहुतेकांना या खर्चाची गरज नसते. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालूच राहिली तर जखम नीट भरत नाही. महागडा ग्राफ्टही त्यावर उपाय नाही.

एवढं समजावत बसलो तर रुग्ण घाबरतील, रांग तुंबेल, असं काही डॉक्टर म्हणतात. गर्दी खरी आहे, पण दात क्वचितच त्याच क्षणी काढावा लागतो. एक्स-रे आणि तारीख ठरवणं यात वेळ मिळतोच. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलं आहे की, उपचाराचं स्वरूप, पर्याय आणि धोके पुरेसे समजावून घेतलेली संमतीच खरी संमती. दंतवैद्यही याला अपवाद नाहीत.

म्हणून रुग्णांनी दात काढायची तारीख घेतानाच विचारावं: ग्राफ्ट खरंच लागणार का, तो कशापासून बनला आहे, पडदा कशाचा आहे, न भरल्यास काय होईल, खर्च किती. आणि दंतवैद्यांनी ग्राफ्टच्या वेष्टनावरचं बॅच क्रमांकाचं लेबल केसपेपरवर चिकटवून त्याची एक प्रत रुग्णाच्या हाती द्यावी.