मागच्या रांगेतील माणसे

धर्मग्रामाचा रौप्यमहोत्सव वा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते आणि स्मरणिकेत जुने फोटो छापले जातात. फोटोखाली ओळ असते, ‘बसलेले, डावीकडून’. पुढे महागुरुस्वामी, फादर, सिस्टर आणि पाहुणे यांची नावे मानाने येतात. उभे असलेल्यांची ओळ बहुधा नसतेच. असलीच तर ‘धर्मग्रामस्थ’ ह्या एका शब्दात चाळीस माणसे उरकलेली असतात. ह्या प्रथेला आमचा विरोध आहे आणि तो सौम्य शब्दांत नोंदवण्याची आमची इच्छा नाही.

एवढ्याशा ओळीवरून एवढा राग कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून वर्धा जिल्ह्याकडे पाहू. ह्या जिल्ह्यातील शेगाव ह्या खेड्यात १९३६ साली गांधीजी राहावयास गेले. १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. तेथे कनू गांधी ह्या तरुण नातेवाइकाने कॅमेरा हाती घेतला. गांधीजींच्या अटी तीन होत्या: फ्लॅश वापरायचा नाही, कोणाला मुद्दाम उभे करायचे नाही आणि आश्रम खर्च देणार नाही. त्या कॅमेऱ्याने सेवाग्रामचा दिनक्रम जगापुढे नेला. गांधीजी एका कुष्ठरोग्याची शुश्रूषा करीत आहेत, असा एक फोटो आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्या रुग्णाचे नाव परचुरेशास्त्री. ते संस्कृतचे पंडित होते. कोणी तरी नाव टिकवले, म्हणून ते ‘एक कुष्ठरोगी’ एवढेच न उरता परचुरेशास्त्री राहिले.

सेवाग्रामपासून सुमारे चाळीस किलोमीटरवर, वर्धा नदीच्या काठी पुलगाव आहे. गावाचे नावच पुलावरून पडले. ही नदी एके काळी मध्यप्रांत आणि वऱ्हाड यांची सीमा होती. दोन्ही मुलूख एका कारभाराखाली आले ते १९०३ साली. तत्पूर्वीच, १८६७ मध्ये, मुंबईकडून नागपूरला जाणारी रेल्वे ही नदी ओलांडून गेली होती. जिल्ह्याचे मुख्य ठाणे आरंभी पुलगावजवळच्या कवठ्यास होते, ते १८६६ मध्ये पालकवाडीस हलले आणि तेथे आजचे वर्धा शहर वसले. पुढे पुलगावात कापडगिरणी आली, आर्वीकडे जाणारी छोट्या रुळांची गाडी आली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दारूगोळ्याचे मोठे लष्करी कोठार आले. पोटासाठी देशाच्या नाना भागांतून माणसे आली. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती.

आज गिरणीचा भोंगा थांबला आहे. ती छोटी गाडीही थांबली. कोठारात तर फोटो काढण्यास मनाईच. ३१ मे २०१६ रोजी तेथे भीषण आग लागली आणि सैनिक व अग्निशमन जवान मृत्युमुखी पडले, तेव्हा कुठे देशाने पुलगावचे नाव ऐकले. मग ह्या गावाचा इतिहास आहे तरी कोठे? तो घरोघरच्या पत्र्याच्या पेट्यांत आहे: प्रथम कम्युनियनचे फोटो, लग्नाचे फोटो, फाटकापाशी घोळका करून उभे असलेले कामगार, पुरानंतर घाटावर जमलेली मंडळी. आणि ह्या फोटोंपैकी बहुतेकांच्या पाठी कोऱ्या आहेत.

‘आमच्यासारख्यांना कसला आला इतिहास?’ हा प्रश्न आपलीच माणसे विचारतात, आणि तो त्यांना आपणच शिकवला आहे. १८४६ मध्ये आनसीहून संत फ्रान्सिस डी सेल्स संघाचे मिशनरी नागपूर मिशनवर आले. १८८७ मध्ये नागपूर धर्मप्रांत झाला, १९५३ मध्ये महाधर्मप्रांत. त्या मिशनऱ्यांच्या त्यागापुढे आम्ही नतमस्तक आहोत. परंतु त्यांची नावे त्यांच्या संघाच्या दप्तरी सुरक्षित आहेत. उद्या आपली स्मरणिका जळाली तरी ती हरवणार नाहीत. त्यांच्यासोबत पायी हिंडलेला धर्मशिक्षक, शाळेचा शिपाई, वसतिगृहात शंभर मुलांच्या भाकऱ्या थापणारी बाई यांची नावे कोणत्या दप्तरी आहेत? कदाचित एखाद्या म्हाताऱ्या आजीच्या आठवणीत असतील, आणि आजीचे वय नव्वद आहे.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘जुने उकरू नका,’ असे काही घरांत हळू आवाजात सांगितले जाते. फोटोत आजोबा अनवाणी आहेत. आजीच्या लुगड्याला ठिगळ आहे. नाव लिहिले तर जुनी जात उघडी पडेल, असे भय वाटते. फोटोतला एक भाऊ ख्रिस्ती झाला आणि दुसरा १४ ऑक्टोबर १९५६ नंतर बाबासाहेबांमागे बुद्धाच्या वाटेने गेला, हे नव्या सोयरिकीत सांगणे अवघड वाटते. ह्या भयाची आम्ही थट्टा करणार नाही. समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या पोसले आहे. पण आम्ही विचारतो, लाज कोणाला वाटायला हवी? अनवाणी चालून ज्याने मुलांना शाळेपर्यंत नेले त्याला, की त्याच मुलांच्या मुलांनी, ज्यांनी बूट घालताच त्याचा फोटो माळ्यावर टाकला? संत मत्तयाने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब, रूथ यांना वगळले नाही. शुभवर्तमानकारास ज्या नावांची अडचण वाटली नाही, तशा नावांची अडचण आपल्याला वाटावी, हे आमच्या समजुतीपलीकडचे आहे.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: ‘मोबाइलवर कॉपी घेतली आहे.’ कॉपी चेहऱ्याची घेतली. पाठ कोणी पाहिली? स्टुडिओचा शिक्का, धूसर तारीख, कोणाच्या तरी अक्षरातले एक नाव हे सारे मूळ फोटोबरोबर रद्दीत गेले. मग तोच चेहरा चार हातांतून फिरतो, आणि पाचवा मनुष्य त्याखाली भलतेच नाव लिहून मोकळा होतो.

ख्रिस्तसभेला नावाचे मोल नव्याने शिकवावे लागू नये. १५६३ मध्ये ट्रेंट धर्मपरिषदेने धर्मगुरूंस विवाहांची नोंदवही ठेवण्यास सांगितले. आजचा धर्मनियमही स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदी प्रत्येक धर्मग्रामावर बंधनकारक करतो. २ फेब्रुवारी १९९७ रोजी रोमच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या आयोगाने खास पत्र काढून अभिलेखांचे जतन हे प्रेषितकार्याचाच भाग ठरवले. स्नानसंस्काराच्या वहीत बिगाऱ्याचे मूल आणि साहेबाचे मूल एकाच शाईने, एकाच मापाच्या रकान्यात लिहिले जाते. आईबापांची आणि धर्मपालकांची नावेही तशीच. वहीत जो न्याय आहे, तो स्मरणिकेत का नसावा?

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. कोणत्याही धर्मग्रामाने मागच्या रांगेची नावे शोधल्यावाचून एकही समूहफोटो छापू नये. छापण्याआधी चार रविवार तो मंदिराच्या ओसरीत लावावा. शेजारी कागद आणि पेन्सिल ठेवावी. ओळख पटेल त्याचे नाव रांग व क्रमांक घालून लिहावे. पटणार नाही तेथे ‘अनोळखी’ असे प्रामाणिकपणे छापावे, म्हणजे पुढे कोणी तरी ते पूर्ण करील. घरी, फोटोच्या पाठीमागे कडेला मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि अंदाजे साल लिहावे. बॉलपेनने लिहू नये, त्याचा वळ पुढे उमटतो. चिकट पानांच्या अल्बममध्ये मूळ प्रत अडकवू नये. आणि हे सारे आजी-आजोबांना शेजारी बसवून, त्यांचा चहा निवेपर्यंत थांबून करावे.

नोव्हेंबरात आपण मृतांच्या नावांची यादी वेदीपाशी ठेवतो आणि त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. यंदा ती यादी लिहिण्याआधी पेटी उघडा. ज्यांच्यासाठी आपण प्रार्थना करतो ते कोण होते, कसे दिसत, नदीच्या कोणत्या काठावरून आले, हे ठाऊक नसेल, तर त्या यादीत आपण फक्त आपल्याला आठवणाऱ्यांसाठीच प्रार्थना करतो. उरलेल्यांना परमेश्वर ओळखतोच. आपण मात्र त्यांची ओळख विसरण्याचा अधिकार कोठून मिळवला, याचे उत्तर आपल्याला द्यावे लागेल.