अंगणात फळ्या कशाला?

रो-हाउसच्या मागे पंधरा बाय वीस फुटांची मोकळी जागा मिळाली, तर तिथे फरशी घालू नका, डेक करा, असा उपदेश परवा घरसजावटीवरच्या एका व्याख्यानात ऐकला. वक्त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: शहाबादी फरशी जुनाट दिसते, उन्हात तापते, पावसात शेवाळते आणि बसवायला वेळ खाते. डेक मात्र दोन दिवसांत तयार होतो, पायाला सुखद लागतो, पाणी फटींतून खाली जातं आणि घराला परदेशी बाज येतो. समोर बसलेली बरीच मंडळी नव्या घराचा ताबा घेण्याच्या बेतात होती आणि माना डोलवत होती. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

तापण्याचं आधी निकालात काढू. आपल्याकडे डेक म्हणून बहुधा जे विकलं जातं ते लाकूड नसतं. लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र करून काढलेली ती कॉम्पोझिट फळी असते. एप्रिलच्या दुपारी तिच्या गडद रंगावर अनवाणी उभं राहून दाखवावं, मग फरशीला नावं ठेवावीत. खरं सागवान लावायचं तर दरवर्षी पावसाआधी त्याला तेल पाजावं लागतं, आणि तो खर्च सांगायला व्याख्यानात कुणाला सवड नव्हती. शेवाळ दोन्हींवर धरतं. फरशीवरचं खराट्याने घासून निघतं. फळीवर पन्हाळ्या कोरलेल्या असतील तर ते त्यांत रुतून बसतं.

खरा प्रश्न फळीच्या वरचा नाही, खालचा आहे. सांगाड्याच्या पट्ट्या आणि फळी मिळून जमिनीपासून तीन-चार इंच उंची येते, म्हणजे सबंध अंगणाखाली तेवढी अंधारी पोकळी तयार होते. फळ्या उष्णतेने लांबी-रुंदीला वाढतात, म्हणून मध्ये काही मिलिमीटर फट सोडावीच लागते. त्या फटीतून पाणी खाली जातं, हा वक्त्यांचा आवडता गुण. पण पाण्याबरोबर काय काय जातं? कुंडीतली माती, कढीपत्त्याची पानं, पोरांनी सांडलेले शेंगदाणे, चिमण्यांना टाकलेले तांदूळ. हे सगळं खाली साचतं आणि तिथवर झाडू पोचत नाही. शेजारच्या एका घरी तीन पावसाळ्यांनंतर कोपऱ्यातल्या फळ्या उचलल्या, तेव्हा मी तिथे होतो. खाली काळा, आंबूस वास मारणारा गाळ होता. क्लिपांचे स्क्रू गंजून हातात तुटत होते आणि भिंतीच्या कडेला घुशीने उकरलेल्या मातीचा ढीग होता. कॉम्पोझिटला वाळवी लागत नाही, असं विक्रेता छातीठोकपणे सांगतो. इथे सांगाडा साध्या लाकडाचा होता, आणि वाळवीने नेमका तोच पोखरला होता.

हे फक्त अस्वच्छतेवर थांबत नाही. डेंग्यूचा एडिस डास थोड्याशा साचलेल्या पाण्यातही वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आरोग्य विभाग आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतो. टाकी, पिंप, कुलरचं भांडं सगळं पालथं घालता येतं. स्क्रूने बसवलेलं अंगण कसं पालथं घालणार? शिवाय धान्य तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप. जूनमध्ये बिळांत पाणी शिरलं की नाग, घोणस कोरडा, अंधारा आडोसा शोधत फिरतात. ज्या अंगणात रांगतं मूल आणि गुडघे दुखणारी आजी दोघंही वावरतात, तिथे असा आडोसा आपणच पैसे देऊन बांधावा? वक्त्यांनी सर्पमित्राचा फोन नंबर देऊन ठेवला असता, तर सल्ला निदान पूर्ण झाला असता.

तीव्र उतारावर किंवा झाडाच्या उघड्या मुळांभोवती डेक शोभतो, हे मान्य. रो-हाउसच्या सपाट परसात त्याचं काम नाही.

अशीच लाट पूर्वी पेव्हर ब्लॉकची आली होती. तेव्हाही ‘टापटीप’ हाच परवलीचा शब्द होता. सोसायट्यांनी काँक्रीट ओतून त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत ब्लॉक ठोकले आणि आंब्याच्या बुंध्याशी वीतभर मातीही सोडली नाही. पुढे झाडं वठली आणि जोराचा पाऊस आला की फाटकाशी तळं साचू लागलं. त्या सभांमध्ये विरोध करणाऱ्यांना प्रगतीचे शत्रू म्हटलं गेलं. मातीला श्वास घ्यायला जागा हवी, हे तेव्हा कुणी ऐकलं नाही आणि आजही ऐकायची तयारी दिसत नाही.

मग करायचं काय? निम्म्या जागेत फरशी घाला, निम्मी माती राहू द्या. फरशी रफ शहाबादीच घ्या. पॉलिश केलेली ओल्या पायाखाली घसरते आणि तिच्यावरून सगळ्या शहाबादीला बोल लावले जातात. कोकणात जांभा हाताशी असेल तर तो वापरा. खाली मुरूम धुम्मसाने ठोकून घ्या, त्यावर कच पसरून फरशी बसवा आणि दरजांत वाळू भरा. पाणी त्या दरजांतून मुरतं, पण खाली पोकळी राहत नाही. उद्या नळाची लाइन फुटली, तर दोन फरश्या पहारीने उचलून काम झालं की त्याच जागी बसवता येतात. ढाळ घरापासून दूर, मातीच्या बाजूला, दहा फुटांना सव्वा ते दीड इंच असावा. काम संपल्यावर गवंडी सिमेंटचे डाग काढायला ॲसिड आणतो, त्याला हात लावू देऊ नका. शहाबादी हा चुनखडक आहे, ॲसिड पडताच फसफसतो आणि वरचा थर खाल्ला जातो. आणि शेवटचे पैसे चुकते करण्याआधी दोन बादल्या पाणी ओतून पाहा. जिथे डबकं राहील, ती फरशी गवंड्याला तिथल्या तिथे उचलायला लावा.