टाकणे, देणे आणि नेणे

नवरात्र संपून दिवाळीचे वेध लागले, की शहरांतील गृहसंकुलांच्या फाटकाजवळ एक दृश्य हमखास दिसते. घराघरांतून साफसफाई सुरू झालेली असते आणि जिन्याखाली, वाहनतळाच्या कोपऱ्यात, कचरापेटीच्या आसपास वस्तूंची रांग लागते. वेत सैल झालेली खुर्ची, चालू स्थितीतील पण रंग उडालेला पंखा, मुले मोठी झाल्यामुळे अडगळीत गेलेली तीनचाकी सायकल, फोमची गादी, प्रवासी बॅगा, मागील इयत्तांची पुस्तके. ठेवणारा वस्तू ठेवतो आणि मागे न पाहता निघून जातो. त्याच्या दृष्टीने विषय संपलेला असतो. वास्तविक विषय तेथेच सुरू होतो. ती वस्तू आता कोणाची? ती कोणी न्यावी? कोणाला विचारून न्यावी? या प्रश्नांची उत्तरे आपल्या नागरी जीवनाने अद्याप निश्चित केलेली नाहीत, आणि या अनिश्चिततेची झळ लागते ती समाजातील सर्वांत दुबळ्या माणसाला.

वस्तू उचलून बाहेर ठेवून देण्याची ही सवय आपल्याकडे फार जुनी नाही. आजीचे मऊ झालेले लुगडे फाडून नातवंडांची दुपटी होत, उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली जाई, आणि गोधडीही विरली की तिचे पायपुसणे होई. थोरल्याची पुस्तके धाकट्याकडे आणि त्याच्याकडून शेजारच्या मुलाकडे जात. पाळणा एका घरात क्वचितच मुक्कामाला राही; ज्या घरी बाळ यायचे असेल तेथे तो पोहोचवला जाई. तान्ह्या बाळाला प्रथम वापरलेलेच अंगडे-टोपडे घालावे, अशी पद्धत अनेक घरांत होती. वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नव्हता, उलट त्यात वडीलधाऱ्यांचा आशीर्वाद मानला जाई.

घराबाहेर जे जाई, त्याचीही वाट ठरलेली होती. जुने कपडे बोहारीण घेई आणि त्यांच्या बदल्यात भांडे देई. किती साड्यांना कोणते पातेले, यावर दारात बसून दीर्घकाळ घासाघीस चाले. पण ती दोन माणसांतील समोरासमोरची देवघेव होती. रद्दीवाला तराजू घेऊन येई, पिंजारी गादीचा कापूस पिंजून ती पुन्हा नवी करून देई, कल्हईवाला भांड्यांना उजळा देई. वस्तूला जाताना एक हात सोडी व दुसरा हात धरी.

त्या काळाचे नुसते गोडवे गाणे मात्र योग्य होणार नाही. या काटकसरीमागे बऱ्याच अंशी टंचाई होती. शिवाय त्याच समाजात शिळे अन्न आणि जुनेर गावाबाहेरच्या वस्तीतील माणसाच्या ओंजळीत वरून टाकण्याची रीतही होती. देणे होते, पण ते माणसाला माणूस न मानता होते. तो कलंक आपल्या माथ्यावर आहे आणि तो विसरून या विषयाचा विचार करता येणार नाही. आज आपण वरून टाकत नाही हे खरे. परंतु फाटकाबाहेर ठेवून तोंड फिरवतो, तेव्हा त्या जुन्या रीतीपासून आपण नेमके किती दूर आलो आहोत, हे तपासून पाहावे.

दिलेली वस्तू आणि चोरीचा आळ

एक साधी गोष्ट घेऊ. चौथ्या मजल्यावरील कुटुंबाने मिक्सर जिन्यात ठेवला. जिना झाडणाऱ्या बाईंनी तो टाकलेला समजून पिशवीत घातला. संध्याकाळी फाटकावर सुरक्षारक्षकाने पिशवी तपासली. आता त्या बाईंनी काय सांगावे? मिक्सर कोणाचा, तो कोणी दिला, कशासाठी दिला, यांपैकी कशाचाही पुरावा त्यांच्यापाशी नाही. ठेवणारे कुटुंब एव्हाना बाहेर गेलेले. छायाचित्रणाच्या यंत्रात त्या वस्तू उचलताना दिसतात. ती वस्तू कोणी आणि का ठेवली, हे तेथे कोणी पाहत नाही. मिक्सरचे मोल दोन-तीनशे रुपयांचे, पण त्या बाईंची चार घरची कामे त्यावरून सुटू शकतात.

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३व्या कलमानुसार, दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून अप्रामाणिक हेतूने नेणे म्हणजे चोरी. पूर्वीच्या दंडसंहितेतील व्याख्याही हीच होती. ताबा, संमती आणि हेतू या तीन गोष्टी येथे महत्त्वाच्या आहेत. मालकाने खरोखर सोडून दिलेली वस्तू उचलणे ही चोरी नव्हे. परंतु जिन्यात ठेवलेली वस्तू सोडून दिलेली आहे की थोडा वेळ बाजूला ठेवलेली आहे, हे वस्तू बोलून दाखवीत नाही. ते बोलण्याची जबाबदारी ठेवणाऱ्याची आहे, आणि ती आपण पार पाडीत नाही.

यावर उपाय अगदी साधा आहे. अनेक संकुलांत घरकाम करणाऱ्या महिलांना वस्तू बाहेर नेताना चिठ्ठी दाखवावी लागते. या नियमातील अविश्वास बोचणारा आहे. तथापि तो नियम असेपर्यंत चिठ्ठी मागण्याची वेळ त्यांच्यावर का यावी? वस्तू देतानाच आपण दोन ओळी लिहून द्याव्यात : ‘ही वस्तू मी स्वखुशीने यांना दिली आहे’, खाली नाव, सदनिकेचा क्रमांक व दिनांक. वस्तू कोणाच्याही उपयोगासाठी ठेवायची असेल तर तिच्यावर ‘चालू स्थितीत आहे, न्यावी’ असा कागद लावावा आणि सुरक्षारक्षकाला सांगून ठेवावे. जर्मनीत लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात घालून दाराबाहेर ठेवतात आणि त्यावर ‘भेट म्हणून’ अशा अर्थाचे दोन शब्द लिहितात. त्या दोन शब्दांनी नेणाऱ्याचा संकोच दूर होतो.

पुण्यातील कचरावेचक महिलांचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. १९९३ साली तेथे ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या कामांत महत्त्वाचे काम होते ते या महिलांना ओळखपत्रे मिळवून देण्याचे, आणि पुणे महापालिकेने त्या ओळखपत्रांना मान्यता दिली. ज्यांचा दिवस दुसऱ्यांनी टाकलेले उचलण्यात जातो, त्यांना भाकरीइतकीच गरज ‘मी चोर नाही’ हे सांगणाऱ्या कागदाची असते. पुढे याच चळवळीतून ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ साली महापालिकेशी करार करून तिने घरोघरी जाऊन कचरा गोळा करण्याचे काम हाती घेतले. फाटकाबाहेर ताटकळणारी बाई दारापर्यंत आली, ती अशा रीतीने.

नचिकेत्याचा प्रश्न

देण्याच्या रीतीविषयी आपल्या परंपरेने फार खोलवर विचार केला आहे. कठोपनिषदाचा प्रारंभच मुळी टाकाऊ दानापासून होतो. वाजश्रवसाने यज्ञात सर्वस्वाचे दान आरंभले. पण ज्या गाई तो देत होता त्या थकलेल्या, दूध आटलेल्या, पुन्हा विण्याची शक्यता नसलेल्या होत्या. ते पाहून कोवळ्या नचिकेत्याच्या मनात श्रद्धा जागी झाली आणि त्याने पित्याला विचारले, की मला कोणाला देणार? मृत्यूच्या दारी पोहोचलेल्या त्या थोर संवादाचे मूळ एका मुलाच्या अस्वस्थतेत आहे. ती अस्वस्थता अशी, की आपल्याला नको झालेले दुसऱ्याला देऊन त्याला दान म्हणावे काय?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तामस दानाच्या लक्षणांत अयोग्य स्थळ-काळ आणि अपात्र व्यक्ती यांबरोबरच अनादर व अवज्ञा यांचाही समावेश आहे. म्हणजे देण्याची वृत्तीही तेथे मोजली गेली आहे.

डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामीने तामिळनाडूचा किनारा उद्ध्वस्त केला. देशभरातून मदत गेली, तिच्यात जुन्या कपड्यांचे ढीगच्या ढीग होते. ते घालण्याजोगे नव्हते, तेथील राहणीला साजेसे नव्हते. सर्वस्व गमावलेल्या कोळी बांधवांनीही ते नाकारले आणि कपडे रस्त्याकडेला पडून राहिले. १९९९ साली अंशु गुप्ता यांनी दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ या संस्थेने असे कपडे गोळा करून, निवडून मार्गी लावण्याचे काम केले. या संस्थेची पद्धत लक्षणीय आहे. गावकरी स्वतःच्या गावासाठी विहीर, रस्ता, तलाव असे काम ठरवतात, श्रम करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून त्यांना कपडे व संसारोपयोगी वस्तू मिळतात. घेणारा याचक राहत नाही. २०१५ साली गुप्ता यांना मॅगसेसे पुरस्काराने गौरवण्यात आले. महाराष्ट्राला ही दृष्टी अनोळखी नाही. चिंध्यांचे वस्त्र आणि हाती फुटके गाडगे घेऊन गावोगाव फिरणारे गाडगेबाबा आधी गाव झाडत आणि मगच भाकरी घेत, असे सांगितले जाते.

म्हणून वस्तू देण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा : हीच वस्तू याच अवस्थेत माझ्या सख्ख्या भावाच्या घरी मी नेऊन दिली असती काय? उत्तर ‘हो’ असेल तर ती पुसून, धुऊन, गुंड्या लावून, सुट्या भागांसह द्यावी. उत्तर ‘नाही’ असेल तर ती भंगारात किंवा कचऱ्यात जावी. तिला दानाचे नाव देऊ नये. फुटलेली काच कागदात गुंडाळून वर तसे लिहावे. जुनी औषधे, नळीदिवे, बॅटऱ्या उघड्यावर ठेवू नयेत, कारण त्या उचलणारा हात उघडा असतो. दूरध्वनी व संगणक देताना आतील माहिती पुसावी. आणि घरातील दुसऱ्याची वस्तू त्याला न विचारता देऊन औदार्य मिरवू नये. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्याचाच तो प्रकार होय.

देव्हाऱ्यातील वस्तूंविषयी स्वतंत्रपणे सांगावेसे वाटते. पिंपळाच्या पारावर, नदीकाठी देवादिकांच्या तसबिरी आणून ठेवण्याची पद्धत सर्वत्र दिसते. घरात नकोत आणि कचऱ्यात टाकवत नाहीत, म्हणून मधला मार्ग. परंतु तेथे काच फुटते, कागद भिजतो, जनावरे तुडवतात. पूज्य वस्तूची याहून मोठी विटंबना कोणती? चौकट व काच वेगळी करून वापरात द्यावी आणि चित्र स्वतःच्या अंगणात वा कुंडीतील मातीत मिसळावे. हे काम श्रद्धेने आपल्याच हातांनी करावे, दुसऱ्यावर सोपवू नये.

नेणाऱ्याची मर्यादा

आजवर मध्यमवर्गीय माणूस स्वतःला केवळ देणारा समजत आला. रस्त्यावरची वस्तू उचलू नये, असा घरचा संस्कार होता. त्यामागे परद्रव्याविषयीची सावधगिरी होती, तसे उताऱ्याचे भयही होते. आता चित्र बदलते आहे. अमेरिकेतील बॉस्टन शहरात विद्यार्थ्यांच्या वस्तीतील बहुसंख्य भाडेकरार १ सप्टेंबरला बदलतात. त्या सुमारास ऑलस्टन भागातील पदपथ टेबले, दिवे, कपाटे यांनी भरून जातात. लोक त्याला गमतीने ‘ऑलस्टनचा नाताळ’ म्हणतात. शिकायला गेलेली आपली मुलेही अशा पदपथांवरून अभ्यासाचे टेबल खोलीवर नेतात आणि त्यात त्यांना संकोच वाटत नाही. तो वाटूही नये. चांगली वस्तू वाया न जाऊ देणे ही लाज वाटण्याची बाब नाही.

मात्र नेणाऱ्यालाही काही मर्यादा पाळाव्या लागतात. खूण नसेल तर विचारल्याशिवाय उचलू नये. गरजेपुरतेच न्यावे; फुकट आहे म्हणून घरात अडगळ भरणे हाही लोभच होय. ढिगातील हवे ते उपसताना उरलेले रस्त्यावर पसरू नये. पंख्यातील तांब्याची तार काढून सांगाडा तेथेच टाकणे हे अर्धवट काम आहे. गाद्या-उशा घरात घेण्यापूर्वी ढेकणांची खात्री करावी.

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अग्रक्रमाचा. जी वस्तू आपल्याला केवळ हौसेची आहे, ती कचरा वेचणाऱ्या बाईंच्या त्या दिवसाच्या मिळकतीचा भाग असू शकते. मोटारीतून येऊन लाकडी कपाट नेणारा गृहस्थ आणि पाठीवर पोते घेऊन येणारी स्त्री यांच्यात ‘जो आधी येईल त्याचे’ हा नियम न्याय्य ठरत नाही. ज्याचे पोट त्यावर आहे त्याला प्रथम विचारावे. सुक्या कचऱ्याचे हेच आहे. खोके, बाटल्या, कागद वेगळे व कोरडे ठेवले तर वेचणारीच्या हाती चार पैसे अधिक पडतात; खरकट्यात कालवले तर पडत नाहीत. आपल्याला याचा खर्च शून्य आहे.

प्रत्येक संकुलात दसऱ्यानंतरचा एक रविवार यासाठी ठरवता येईल. वस्तू स्वच्छ करून सभागृहात मांडाव्यात, सफाई कामगार, सुरक्षारक्षक व घरकाम करणाऱ्या भगिनींना प्रथम बोलवावे, त्यांना निवडू द्यावे, नेण्याची चिठ्ठी तेथेच द्यावी, आणि मग इतरांनी न्यावे. यासाठी निधी लागत नाही, दोन-चार कुटुंबांचा अर्धा दिवस लागतो. मुलांना त्यात अवश्य सहभागी करून घ्यावे. खेळणे देताना समोरच्या मुलाचे नाव विचारायला ती तेथेच शिकतील.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण नवी केरसुणी आणतो आणि तिला हळद-कुंकू वाहतो. केरसुणीत लक्ष्मी पाहणाऱ्या घराने, ती केरसुणी रोज हाती धरणाऱ्या माणसाला संशयाच्या फाटकातून जाऊ देऊ नये. यंदा जुनी वस्तू बाहेर काढाल, तेव्हा ती ज्याला द्यायची त्याला हाक मारा, त्याच्या हातात द्या, आणि सोबत सहीची चिठ्ठी द्यायला विसरू नका.