चार्जर घरी आहेच ना?

घरात या क्षणी किती चार्जर आहेत, एकदा मोजून बघा. ड्रॉवरमधले, टीव्हीमागच्या बोर्डाला कायमचे लटकलेले, आणि ज्याची वायर पिनजवळ सोलवटलीय म्हणून बाबांनी काळी टेप गुंडाळलीय तो, असे सगळे धरा. आता त्यातून असे वेगळे काढा, जे उद्या घेतलेल्या नव्या फोनला चालतील, तो नीट वेगानं चार्ज करतील आणि ज्यांच्यावर घरात दुसऱ्या कुणाचा हक्क नाही. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बराच लहान येईल. बऱ्याच जणांचा तर शून्य.

बॉक्समधून चार्जर काढून टाकणाऱ्या कंपन्या पहिला आकडा धरून चालतात. ‘तुमच्याकडे आहेतच की, आणखी कशाला?’ ऐकायला पटतं. पण आपल्या खिशातून पैसे जातात ते दुसऱ्या आकड्यामुळे. म्हणून प्रश्न असा आहे, की नव्या फोनसोबत चार्जर यायला हवा का? आणि नको असेल, तर ते ठरवायचं कुणी?

ही पद्धत रुजली ऑक्टोबर २०२० मध्ये. ॲपलनं आयफोन १२ आणला आणि बॉक्समधून चार्जर आणि इअरफोन, दोन्ही गायब केले. आधीपासून विक्रीत असलेल्या आयफोन ११ च्या बॉक्समधूनही काढले. कारण दिलं पर्यावरणाचं. जगात ॲपलचे दोन अब्जांहून जास्त ॲडॅप्टर आधीच आहेत, बॉक्स लहान झाला की एका पॅलेटवर ७० टक्के जास्त बॉक्स मावतात, आणि असे सगळे बदल मिळून वर्षाला २० लाख टन कार्बन उत्सर्जन वाचेल, असा कंपनीचा हिशेब होता.

आता यातली मेख बघा. बॉक्समध्ये केबल होती ती टाइप-सीवाली. आणि तोवर बहुतेक आयफोनसोबत आलेले ॲडॅप्टर होते जुन्या, चपट्या चौकोनी यूएसबीचे. म्हणजे ‘घरी आहेच ना’ म्हणून ज्या ॲडॅप्टरकडे बोट दाखवलं जात होतं, त्यात नवी केबल शिरतच नव्हती. जुनी केबल जपून ठेवली असेल तर हळूहळू काम भागायचं. फास्ट चार्जिंग हवं? मग २० वॅटचा ॲडॅप्टर घ्या, भारतात १,९०० रुपये. इअरफोनही हवेत? आणखी १,९००. फोन स्वस्त झाला का? आयफोन ११ भारतात आला तेव्हा ६४,९०० पासून होता, १२ आला तो ७९,९०० पासून. स्क्रीन वेगळी, ५जी नवं, त्यामुळे थेट तुलना बरोबर नाही, मान्य. पण चार्जर काढल्याबद्दल ग्राहकाला किती रुपये परत मिळाले, हा आकडा बॉक्सवर किंवा बिलावर कुठेच दिसला नाही.

सॅमसंगनं तेव्हा सोशल मीडियावर टर उडवली होती, आमच्या गॅलक्सीसोबत चार्जर मिळतो म्हणून. तीन महिन्यांत, जानेवारी २०२१ मध्ये, गॅलक्सी एस२१ आला. चार्जरशिवाय. टर उडवणारी पोस्टही उडाली.

याच काळात शाओमीनं चीनमध्ये एक वेगळी गोष्ट केली, तिची फार चर्चा झाली नाही. मी ११ हा फोन त्यांनी दोन प्रकारच्या बॉक्समध्ये ठेवला. एकात चार्जर, एकात नाही, आणि किंमत एकच. ज्याच्याकडे चार्जर आहे त्यानं नको म्हणावं. नको म्हणणाऱ्याचे पैसे वाचले नाहीत हे खरंच, पण निदान ग्राहकाला विचारलं तरी गेलं.

‘हे सगळं महागड्या फोनचं झालं, आपलं बजेटच बारा हजार’ असं तुम्ही म्हणत असाल, तर थांबा. एप्रिल २०२२ मध्ये रिअलमीनं नार्झो ५०ए प्राइम भारतात आणला, किंमत साडेअकरा हजारांपासून, आणि बॉक्समध्ये चार्जर नाही. सॅमसंगच्या एम आणि एफ सिरीजमधले काही फोनही त्याच सुमारास तसेच आले. पन्नास-साठ हजारांच्या फोनवर दीड हजाराचा चार्जर घेणं म्हणजे दोन-तीन टक्के. साडेअकरा हजारांच्या फोनवर तोच खर्च तेरा टक्के होतो. कुणाचा तरी अर्ध्या महिन्याचा मेसचा डबा.

आणि इथेच ‘घरी आहेच ना’ हे गृहीतक आपल्याकडे साफ कोसळतं. आपल्या घरांत जुना फोन ड्रॉवरमध्ये जात नाही. तो आईकडे जातो. आईचा आजोबांकडे जातो, कीर्तनं ऐकायला. आजोबांचा गावाकडच्या चुलत भावाकडे. प्रत्येक वेळी चार्जर फोनच्या पाठोपाठ निघून जातो, कारण चार्जरशिवाय फोन देणार कसा? विकायला काढलात तरी तेच. सेकंडहँड फोनच्या जाहिराती वाचा, ‘बिल, बॉक्स, ओरिजिनल चार्जर’ हे तीन शब्द नसतील तर समोरचा भाव पाडूनच बोलायला सुरुवात करतो. म्हणजे जास्तीचा चार्जर उरतो तो ज्या घरात दर दोन वर्षांनी फोन बदलतात आणि जुना तसाच पडून राहतो, त्या घरात.

मग पहिलाच फोन घेणाऱ्याचं काय? बारावीनंतर गावाहून पुण्यात किंवा नाशकात शिकायला आलेली मुलगी घ्या. आजवर घरात एकच स्मार्टफोन, तो वडिलांचा. तिच्या नावावर घेतलेला हा पहिला. तिला कुणी सांगायचं की तुझ्याकडे चार्जर असेलच? ती रूममेटचा मागते. हॉस्टेलच्या खोलीत एक एक्स्टेंशन बोर्ड, तीन प्लग, चार जणी, हे गणित तुम्हाला सांगायला नको. आठवडाभरात ती कोपऱ्यावरच्या स्टॉलवरून दीडशे-दोनशेचा चार्जर आणते.

त्या दीडशेच्या चार्जरबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण पैशांपेक्षा मोठा प्रश्न तिथे आहे. भिंतीतले २३० व्होल्ट फोनला झेपतील एवढे खाली आणायचे आणि हे करताना दोन बाजू एकमेकींपासून सुरक्षित वेगळ्या ठेवायच्या, हे चार्जरचं काम. स्वस्त बनावट चार्जरमध्ये काटकसर होते ती नेमकी या वेगळेपणात, कारण ती बाहेरून दिसत नाही. भारतात मोबाइल चार्जरला बीआयएसची नोंदणी सक्तीची आहे. चार्जरवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बीआयएस केअर हे सरकारी ॲप फुकट आहे, त्यात तो क्रमांक टाकला की कंपनीचं नाव समोर येतं. दुकानात उभ्या उभ्या होणारं काम आहे हे. क्रमांकच नसेल किंवा नाव भलतंच येत असेल, तर तो चार्जर उशीजवळ लावून झोपू नका.

बॉक्समधला चार्जर काढला की सगळेच काही कंपनीचा महागडा चार्जर घ्यायला जात नाहीत. बरेच जण फुटपाथवर जातात. पर्यावरणाच्या हिशेबात ही ओळ कुणी धरत नाही. वर्षभरात मान टाकणारा तो चार्जरही शेवटी कचराच.

तरीही पर्यावरणाचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटरनुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला फक्त २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला. फेकलेले आणि न वापरलेले चार्जर युरोपियन युनियनमध्ये वर्षाला ११ हजार टन भरतात, असा तिथला अंदाज आहे. एकूण ढिगाऱ्यात हा वाटा लहान. पण ज्याच्याकडे खरंच चार चार्जर पडून आहेत त्याला पाचवा देणं हा मूर्खपणाच आहे. कचरा कमी करायचा तर पाचवाच थांबवायचा, पहिला नाही. आणि कोणता पहिला, कोणता पाचवा, हे फक्त घेणाऱ्यालाच माहीत असतं.

सरकारांनी यावर काय काय केलंय ते बघितलं तर गंमत वाटते. फ्रान्समध्ये लहान मुलांना फोनच्या लहरींपासून जपायचं म्हणून हँडसेटसोबत इअरफोन देणं सक्तीचं होतं. त्यामुळे तिथे आयफोन १२ इअरफोनसकट विकावा लागला. ती सक्ती २०२२ च्या सुरुवातीला उठली. ब्राझीलनं सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरशिवायच्या आयफोनच्या विक्रीवरच बंदी घातली आणि सुमारे सव्वा कोटी रियाल दंड ठोकला, अर्धवट वस्तू विकता म्हणून. युरोपनं उलटा रस्ता धरला. २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनला टाइप-सी पोर्ट हवंच, कंपनी चार्जरसह फोन विकत असेल तर चार्जरशिवाय घेण्याचाही पर्याय हवा, आणि बॉक्सवर चित्रानं दाखवायचं की आत चार्जर आहे की नाही.

युरोपचा नियम या तिघांत शहाणा. त्यातली सगळ्यात कामाची गोष्ट मात्र टाइप-सीचं भोक नाही, ती आहे फास्ट चार्जिंगची भाषा. पोर्ट सारखं असलं म्हणजे चार्जर सारखा झाला असं होत नाही, हे तुम्ही रूममेटचा ८० वॅटचा चार्जर आपल्या फोनला लावून अनुभवलं असेल. पिन बसते, बॅटरीचं चिन्ह येतं आणि तासाभरानंही काटा रेंगाळलेलाच. कारण बऱ्याच कंपन्यांची फास्ट चार्जिंगची पद्धत त्यांची स्वतःची असते. फोन आणि चार्जर यांचं आपसात जमलं तरच पूर्ण वेग मिळतो, नाहीतर दोघं कमीत कमीवर तडजोड करतात. युरोपात फास्ट चार्जिंग देणाऱ्या फोनला पॉवर डिलिव्हरी ही सामाईक पद्धत समजायलाच हवी. असं असेल तरच ‘घरी आहेच ना’ या वाक्याला अर्थ येतो.

पण युरोपचा नियम अर्धाच आहे. तो चार्जर ‘नको’ म्हणण्याचा हक्क देतो, ‘हवा’ म्हणण्याचा नाही. कंपनीनं सगळेच फोन चार्जरशिवाय ठेवले तरी नियम मोडत नाही. भारतात नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याच्या बैठकीत टाइप-सी हाच सामाईक पोर्ट असावा यावर कंपन्यांचं आणि सरकारचं एकमत झालं, पुढे बीआयएसनं मानकही काढलं. चांगलंच झालं. पण आपल्याला त्यापुढे हवंय. दोन्ही पर्याय, हवा आणि नको. दोघांच्या किमती बॉक्सवर वेगवेगळ्या छापलेल्या, म्हणजे नको म्हणणाऱ्याचे पैसे खरंच वाचतील. आणि पंधरा हजारांच्या आतल्या फोनमध्ये न मागता चार्जर, कारण पहिला फोन घेणारे इथेच जास्त असतात. ज्याला नको त्यानं परत द्यावा आणि पैसे घ्यावेत.

कंपन्या म्हणतील, दोन-दोन प्रकारचे बॉक्स ठेवणं दुकानदाराला झेपत नाही. एकाच फोनचे चार रंग आणि तीन स्टोरेज झेपतात ना? एवढं जड जात असेल तर चार्जर वेगळ्या पाकिटात काउंटरवर ठेवा आणि बिल करताना विचारा. नाटकाच्या तिकिटाला बाल्कनी की स्टॉल विचारतात, तेवढंच सोपं.

बाकी ॲक्सेसरीजबद्दल मी इतकी हट्टी नाही. बॉक्समधले इअरफोन गेले, फारसं बिघडलं नाही. ज्याला जे आवडतं ते त्याचं त्यानं घ्यावं. (एक चुटपुट आहे. फोनमधला एफएम वायरच्या इअरफोनवर चालतो, ती वायरच त्याची अँटेना. इअरफोन गेले आणि जॅकही गेला, की डेटा न जाळता क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची सोय गेली.) पारदर्शक कव्हर आणि आधीच चिकटवलेला स्क्रीनगार्ड बऱ्याच बजेट फोनमध्ये अजून मिळतो, तो राहू दे. पहिल्याच दिवशी कॅन्टीनच्या फरशीवर फोन पडतो तेव्हा त्या प्लॅस्टिकची किंमत कळते. सिमची पिन तर राहायलाच हवी, नाहीतर आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई आहेच.

येत्या सेलमध्ये फोन घेणार असाल तर ऑफर वाचण्याआधी ‘बॉक्समध्ये काय आहे’ ही ओळ वाचा. चार्जर नसेल तर आपल्या फोनला चालेल अशा चांगल्या चार्जरची किंमत त्यात मिळवा आणि मग दोन फोनची तुलना करा. कधी कधी पाचशे रुपयांनी महाग दिसणारा फोनच स्वस्त पडतो. दुकानात काकांना सरळ विचारा, ‘चार्जरशिवाय घेतला तर किती कमी कराल?’ ते हसतील. विचारा तरी.

आणि लॅपटॉप घ्यायचा असेल, तर हा प्रश्न तिथेही तयार ठेवा. युरोपात हाच नियम २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपला लागू होतो. तो चार्जर दीड हजारात मिळत नाही.