एक्स्टेन्शन ट्यूब: पैसे नावाचे की कामाचे?

जयपूरच्या कुंदन दागिन्यांचे सौंदर्य पुष्कळदा मागच्या बाजूला दडलेले असते. समोर खडे चमकतात, तर पाठीवर मीनाकारीची नाजूक फुले-पाने असतात. जोहरी बाजारात दागिना हातात घेऊन उलटून पाहता येतो. फोटो पाहून घरबसल्या खरेदी करणाऱ्याला ही सोय कुठून मिळणार?

असे दागिने घरून विकणाऱ्या गृहिणींची अडचण इथेच सुरू होते. कॅमेरा जवळ नेला की फोटो अंधुक, दूर ठेवला की मीनाकाम दिसेनासे. फोटोत न दिसलेला उडालेला मीना पार्सल उघडल्यावर दिसला, तर माल परत येतो आणि ग्राहकाचा विश्वासही जातो.

मॅक्रो लेन्सचा खर्च सगळ्यांनाच परवडत नाही. अशा वेळी एक्स्टेन्शन ट्यूब उपयोगी पडते. कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवायची ही पोकळ नळी. तिच्यात काच नसते. ती फक्त लेन्स पुढे सरकवते, त्यामुळे वस्तूच्या अधिक जवळ जाता येते. 50 मिमी लेन्सला 25 मिमीची ट्यूब लावली की प्रतिमा वस्तूच्या साधारण निम्म्या आकाराची उमटते. 24 मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यात सुमारे 48 मिमी रुंदीचे पेंडंट चौकट भरून टाकते.

महाग कशासाठी?

काचच नसेल, तर नामवंत कंपनीची ट्यूब घेतल्याने फोटो जास्त स्पष्ट येईल का? केवळ नावामुळे नाही. फरक असतो तो विजेच्या संपर्कबिंदूंचा, पकडीचा आणि आतल्या काळ्या लेपाचा. आतला भाग चकाकत असेल, तर प्रकाश परावर्तित होऊन फोटो फिकट पडतो.

संपर्कबिंदू सर्वांत महत्त्वाचे. आजच्या बहुतेक लेन्सचे अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यातूनच चालते. अगदी स्वस्त ट्यूबमध्ये संपर्कबिंदू नसतात. मग अशा लेन्सचे अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. ते बहुधा पूर्ण उघडे राहते आणि पेंडंटचा मधला खडा स्पष्ट, तर कडा पुसट येतात. इतक्या जवळून फोकस हातानेच करणे सोयीचे, म्हणून ऑटोफोकस नसला तरी चालेल. पण अ‍ॅपर्चर हाती हवेच.

मात्र नाव मोठे म्हणजे सर्व सोयी असतीलच असे नाही. निकॉनच्या जुन्या पीके-13 या 27.5 मिमी ट्यूबमध्येही हे संपर्कबिंदू नाहीत. कॅननच्या ईएफ 12 आणि ईएफ 25 ट्यूबमध्ये ते आहेत. केंकोचा 12, 20 आणि 36 मिमीचा संपर्कबिंदूंसह मिळणारा संच अनेकांना मधला मार्ग वाटतो.

तुम्ही काय घ्याल?

घरात अ‍ॅपर्चरची कडी असलेली जुनी लेन्स असेल, तर साधी धातूची ट्यूब पुरेशी आहे. नवी लेन्स असेल, तर संपर्कबिंदू असलेलीच घ्या, ब्रँड दुय्यम. जड लेन्ससाठी प्लॅस्टिकच्या कड्यांची ट्यूब टाळा. पकड सुटली, तर वाचवलेल्या पैशांच्या कित्येक पट किमतीची लेन्स खाली पडेल.

दुकानात आपला कॅमेरा सोबत न्या. ट्यूब लावून लेन्स हलकेच हलवून पाहा, डगडगत असेल तर परत द्या. अ‍ॅपर्चर बदलते का, तेही तपासा. पक्के बिल घ्या आणि परत करण्याची मुदत विचारून ठेवा.

ट्यूब लावल्यावर प्रकाश कमी पोचतो आणि दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही, हे लक्षात असू द्या. म्हणून ट्रायपॉड वापरा, खिडकीतल्या मऊ उजेडात दागिना ठेवा आणि अ‍ॅपर्चर एफ 8 किंवा एफ 11 निवडा. दागिन्याच्या पुढच्या बाजूबरोबर पाठीचाही फोटो काढा. एखादा दोष असेल तर तोही दाखवा. ग्राहक पुन्हा तुमच्याकडे येतो, तो अशा खरेपणामुळेच.