शीलावाचून ध्यान, संवादावाचून घर

भारतातून गेलेली वस्तू परदेशी वेष्टनातून परत आली, की तिचे मोल आपल्याला अधिक भासू लागते. ‘माइंडफुलनेस’ या बहुचर्चित शब्दाची कथा अशीच आहे. भगवान बुद्धांनी उपदेशिलेली ‘सम्यक् स्मृती’, म्हणजे चित्ताची अखंड जागरूकता, हे तिचे मूळ. १९७९ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जॉन कबात-झिन यांनी तिच्या आधारे जुनाट वेदनांनी त्रस्त रुग्णांसाठी अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नैराश्यावरील मानसोपचारांशी तिची सांगड घातली गेली. २००४ साली नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातील संशोधकांनी हीच साधना मैत्रीभावनेसह पती-पत्नींना एकत्र शिकवली, तेव्हा त्यांच्या नात्यातील समाधान वाढल्याचे आढळले. अर्थात ही जोडपी मुळातच बऱ्यापैकी सुखी होती, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या संगमाचे मर्म साधे आहे. घरात एखादा शब्द लागतो, श्वास वेगावतो, छातीत जळजळते आणि क्षणार्धात तोंडून दुसरा तितकाच विखारी शब्द जातो. ध्यानाचा अभ्यास असलेल्या माणसाला ती जळजळ उत्तरापूर्वी जाणवते. त्याला थांबता येते. मात्र हा संताप नेमका याच शब्दाने का उसळतो, त्याची मुळे बालपणीच्या कोणत्या अपमानात वा भयात आहेत, हे उलगडायला जाणकार समुपदेशकाशी होणारा संवाद लागतो. ध्यान विराम देते, मानसोपचार उमज देतो.

बौद्ध परंपरेतील मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना पतंजलींनीही योगसूत्रांत चित्तप्रसादाचे साधन म्हणून सांगितल्या आहेत. यातील ‘उपेक्षा’ या शब्दाचे भाग्य पाहण्यासारखे आहे. मूळ अर्थ समता. मराठीत रूढ झालेला अर्थ मात्र दुर्लक्ष. अनेक घरांत नेमके हेच घडते. ‘मी शांत आहे’ असे म्हणत घरातील कर्ता पुरुष पत्नीशी दिवसेंदिवस बोलत नाही, मुलाचे ऐकून घेत नाही. ही समता नव्हे, पलायन आहे. स्वतः बौद्ध साधक असलेले अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ जॉन वेलवुड यांनी १९८०च्या दशकातच, अध्यात्माची ढाल करून मनातील जखमा टाळण्याच्या या वृत्तीबद्दल सावध केले होते.

पाश्चात्त्यांची उणीव दुसरीकडे आहे. त्यांनी ध्यान घेतले, शील बहुधा मागे ठेवले. सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून भारतात आले. त्यांच्या परंपरेतील इगतपुरीच्या केंद्रात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचा आरंभ पंचशीलाने होतो, तो उगाच नव्हे. ‘सिगालोवाद सुत्ता’त बुद्ध राजगृहातील एका गृहस्थपुत्राला सांगतात, की पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अवमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, गृहाचा अधिकार तिच्या हाती सोपवावा. असत्य आणि व्यभिचार तसेच ठेवून केवळ श्वास पाहत बसल्याने कोणते नाते सुधारणार?

तथापि पाश्चात्त्यांकडे बोट दाखवून आपले कर्तव्य संपत नाही. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ हे म्हणणे खरे असले, तरी ठेव्याचा अभिमान आणि ठेव्याचा उपयोग या भिन्न गोष्टी आहेत. मधुमेहासाठी वैद्याकडे जाताना ज्याला संकोच नसतो, तोच गृहस्थ मुलीच्या नैराश्यासाठी समुपदेशकाकडे जाताना ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने पाऊल मागे घेतो. तीव्र मानसिक आजारात ध्यान हा औषधोपचाराला पर्याय नाही; काहींना दीर्घ मौन अपायकारकही ठरू शकते. आणि जिच्यावर घरात हात उगारला जातो, तिला ध्यानाचा वा सहनशीलतेचा उपदेश करणे हा अधर्मच होय. तिला हवे संरक्षण. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे.

कुटुंब प्रबोधनाचे कार्य करणाऱ्यांनी यातून दोन गोष्टी उचलाव्यात. आठवड्यातून एकदा सारे घर एकत्र बसावे. प्रथम काही काळ मौन, मग प्रत्येकाचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे. आणि आपल्या वस्तीतील विश्वासू समुपदेशकाचा पत्ता प्रत्येक कार्यकर्त्याजवळ असावा. कुटुंबसंस्थेचे गुणगान पुष्कळ झाले. तिच्यातील माणसांचे मन ऐकणे, हीच आता तिची खरी सेवा आहे.